बटरपेपरवरचं तोंड

१

मिस्त्रीच्या दुकानाचा एकच नियम होता. आत आलेली वस्तू चालू होऊनच बाहेर जायची. मग ते घड्याळ असो, शिलाई मशीन असो, नाहीतर कुणाच्या आजोबांचा कॅमेरा असो. जमणार नसेल तर तो हातच लावायचा नाही, तोंडावर सांगायचा, "मढं आहे, घेऊन जा." पण एकदा हात लावला की मग ते चालेपर्यंत त्याला अन्न गोड लागायचं नाही. शाळा चार यत्ता, त्याही रडतखडत. अक्कल सगळी बोटांत, आणि जिभेवर विस्तव. मागे सगळे त्याला तोफ म्हणायचे. समोर म्हणायची हिंमत एकट्या बायकोची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागच्या अंगाला त्याचं टेबल, वर दिवा, शेजारी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक स्टूल. पुढे खिडकीपाशी बायकोचं शिलाई मशीन. उजेडाकडे तोंड करून बसायची, म्हणजे त्याच्याकडे पाठ. लोकांचे कपडे उसवून लहानमोठे करून द्यायची. तीस वर्षं तो तिचा अंबाडा बघत स्क्रू फिरवत होता आणि ती त्याच्या शिव्या ऐकत पायडल मारत होती. संसार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

कॅमेरा दुरुस्त झाला की पहिली चाचणी तिच्यावरच. मागचं झाकण उघडायचं, फिल्म बसते तिथं बटरपेपरचा तुकडा लावायचा, खटका दाबून शटर उघडं धरायचं. कागदावर सगळं दुकान उलटं उतरायचं. छत खाली, फरशी वर, आणि मधे ती पाठमोरी, लटकलेली.

"आज वटवाघूळ बरं दिसतंय," तो म्हणायचा.

"तोंड बघायचं असेल तर उठून समोर या," ती न वळता म्हणायची. "फुकट आहे."

तो कधी उठला नाही. हातातलं काम सोडून बायकोचं तोंड बघायला कोण उठतो?

तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. एक टायमर सोडून. लेकीच्या लग्नाआधी तिघांचा एक फोटो हवा होता, तेव्हा त्यानंच शिव्या घालून शिकवला होता तिला. ही बारकी कळ खाली ओढ, खटका दाब, झर्र वाजायला लागलं की धावत येऊन बस. ती शिकली आणि विसरली नाही.

२

सोमवारी दुपारी एक म्हातारी आली. नीटनेटकी, सुती पिशवी छातीशी धरलेली. तिच्यामागे तिचा नवरा असावा, पण तो आत आला नाही. पायरीवर उभा राहिला, दुकानाकडे पाठ, रस्त्याकडे तोंड.

पिशवीतून घडीचा कॅमेरा निघाला. पुढचं झाकण पाडलं की भाता बाहेर येतो तसला. चांगल्या हाताचं काम. मिस्त्रीची बोटं वळवळली.

"काय झालंय याला?"

"शटर उघडतं," म्हातारी म्हणाली.

"मग ते उघडायलाच असतं मावशी. हे काय दुकानाचं आहे, संध्याकाळी ओढून घ्यायला?"

"आपोआप उघडतं. मला ते बंद करून हवंय. परत कधीच उघडणार नाही असं."

मिस्त्रीनं मान वर करून बघितलं. म्हातारी चेष्टा करत नव्हती.

"बिघडवायचाच असेल तर घरी हातोडा नाही का? दोन रट्टे घाला. इथवर कशाला तंगडतोड केलीत?"

"हातोडा घेतला होता." तिनं पायरीकडं बघितलं. "हात उठत नाही माझा. तुम्ही आतून चिकटवून द्या. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

"मी वस्तू बिघडवून देत नाही."

"मग राहू द्या. द्या इकडे."

तिनं हात पुढे केला आणि तिथंच मिस्त्रीचं डोकं फिरलं. त्याच्या दुकानातून वस्तू बंद अवस्थेत परत जाणार म्हणजे काय? तिच्याशी भांडता भांडताच त्यानं काचेभोवतीची कडी फिरवली, काच काढून वाटीत टाकली, चार स्क्रू काढून रांगेत मांडले. "हा बघा, उघडलासुद्धा. आता असा नेता येणार नाही. पुढच्या मंगळवारी या, नव्यासारखा चालेल."

म्हातारी बराच वेळ त्या चार स्क्रूंकडे बघत राहिली. मग तिची नजर खिडकीपाशी गेली.

"तुमच्या मंडळी का त्या?"

"हो. का?"

"निदान माणसावर धरू नका तो."

ती गेली. पायरीवरचा माणूस तिच्याबरोबर निघाला, पण निघतानासुद्धा त्याचं तोंड काही दिसलं नाही.

"माणूस की खांब?" मिस्त्री म्हणाला. "आख्खा वेळ पाठ करून उभा. घरी कुणी वळण लावलेलं दिसत नाही."

"तुम्ही तरी कुणाशी तोंड करून बोलता?" बायको म्हणाली आणि तिनं पायडल मारलं.

३

शटरच्या पाकळ्या पाच. कागदाहून पातळ, काळ्या. एकमेकींवर सरकून उघडतात आणि मिटतात, झोपाळू डोळ्यासारख्या. या पाचांची जुन्या तेलानं चिकटून थप्पी झाली होती. आणि मुख्य स्प्रिंग तुटलेली होती. झिजून नाही. कुणीतरी कळ पकडून, दात खाऊन, नको तितकी पिळली होती.

मिस्त्री हसला. स्प्रिंगच्या दोन तुकड्यांवर कुठलं शटर उघडतंय आपोआप? म्हातारी भ्रमली होती, दुसरं काय.

त्यानं तुकडे चिमट्यानं उचलून बाजूला ठेवले आणि हात पुसायला फडकं घेतलं. तेवढ्यात टेबलावर आवाज झाला.

टिक.

पाकळ्यांच्या मधोमध केसाएवढी फट पडली होती. त्याच्या डोळ्यांदेखत ती मिटली.

आता स्प्रिंग नाही, कळ नाही, त्या पाच पाकळ्यांना ढकलणारं काही म्हणजे काही नाही. त्यानं टेबल हलतंय का बघितलं. खिशातलं नाणं पाकळ्यांशेजारी उभं केलं, पडतंय का बघायला. नाणं उभंच राहिलं. थोड्या वेळानं पुन्हा, टिक.

शेजारच्या शाळेतले मास्तर मधल्या सुट्टीत चहाला यायचे. स्टूल त्यांचंच. ते फुंकर मारत म्हणाले, "दिव्याची ऊब हो. धातू तापला की पसरतो. पाचवीच्या पुस्तकात आहे."

"आम्ही चौथीतच सुटलो," मिस्त्री म्हणाला.

पटलं त्याला. दिवा विझवून बघायला हवा होता हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि त्यानं विझवला नसेल.

पुढचे दोन दिवस त्यानं जीव ओतला. पाकळ्या स्पिरिटमध्ये धुतल्या, टीपकागदावर एकेक वाळवली. गजराच्या घड्याळाच्या तारेतून नवीन स्प्रिंग वळली. तीन फुकट गेल्या, चौथी बसली. बसली ती अशी की जणू त्या जागेला तीच हवी होती.

४

गुरुवारी सकाळी जोडणी झाली. त्यानं कळ ताणली, खटका दाबला. चिट. जलद वेग एकदम स्वच्छ. मग त्याहून हळू. मग आणखी हळू. शेवटी उरला एक सेकंद. शटरची खरी परीक्षा तीच. झर्रर्र करत आतली चाकं फिरतात, तेवढा वेळ डोळा उघडा राहतो, मग टक.

माणसावर धरू नका म्हणाली होती. मग काय बैलावर धरू? त्यानं कॅमेरा टेबलाच्या कडेला ठेवला, खिडकीकडे तोंड करून, आणि दाबला.

झर्रर्र.

भिंतीवरचं घड्याळ त्यानंच दुरुस्त केलेलं, दिवसाला अर्धं मिनिटही न चुकणारं. त्या एका सेकंदात त्याचा सेकंदकाटा तीन घरं सरकला. आणि खिडकीपाशी चाललेली शिलाई मशीनची खटखट थांबली. टक झालं, तशी ती खटखट जिथं थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

"काय गं, दोरा तुटला?"

एक श्वास गेला.

"नाही," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबलं. आता सेकंद सेकंदाएवढाच. पहिल्यांदा तेल बसायचं असतं, म्हणून झालं असेल. त्यानं मागचं झाकण उघडलं, बटरपेपर लावला, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि शटर उघडं धरलं.

छत खाली. फरशी वर. खिडकी, मशीन, आणि मधे ती.

"आज वटवाघूळ..." तो म्हणाला आणि थांबला.

कागदावर तिचं तोंड होतं. करंगळीच्या नखाएवढं, उलटं, पण तोंड. कपाळ, नाक, हनुवटीवरचा तीळ. कुणी हाक मारल्यावर वळून बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती.

त्यानं फडकं फेकलं. खिडकीपाशी अंबाडा होता. पाठ होती. पायडल चाललं होतं.

५

"मास्तर, काच चित्र उलटं करते ना?"

"वरचं खाली, उजवं डावीकडे."

"आणि पुढचं मागे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे?"

"माणूस पाठमोरा असला तर कागदावर तोंड दिसेल का?"

"अहो मिस्त्री, काच उलटं करते, जादू नाही करत. पाठीची पाठच राहणार." ते हसले. मग खिडकीकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी रागावल्यात का आज? मी आलो तर चहा दिला, पण मागे हात करून. तोंडसुद्धा वळवलं नाही."

मिस्त्रीनं आठवून बघितलं. दुपारी जेवताना ती चुलीकडं वळलेली. हात धुताना मोरीकडं. तो समोरून आला तेव्हा दोऱ्याचं रीळ पडलं आणि ती वाकली. दर वेळी काहीतरी कारण. कारण खरंच असायचं, खोटं नव्हतं. पण सकाळच्या त्या एका सेकंदापासून त्यानं बायकोचं तोंड बघितलं नव्हतं.

मग त्याला दुसरंच आठवलं आणि ते जास्त लागलं. त्याच्या आधी तरी कधी बघितलं होतं? बुधवारी? त्याआधीच्या महिन्यात?

६

शुक्रवारी त्यानं तिला समोरून गाठायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा काम सोडून उठला आणि मशीनच्या पलीकडं, खिडकी आणि तिच्या मधे जाऊन उभा राहिला. ती त्याच क्षणी कात्री घ्यायला मागे वळली. तो इकडून गेला, ती तिकडं वळली. घाई नाही, दचकणं नाही. दार जसं बिजागरीवर फिरतं तशी फिरायची.

गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर उंच आरसा होता. त्यानं तिच्या खांद्यावरून आरशात बघितलं. आरशातही अंबाडा.

"अगं, इकडे बघ जरा."

एक श्वास. "बघतेच आहे की."

"माझ्याकडे बघ म्हणतोय."

एक श्वास. "तुमच्याकडेच."

मग त्याचं टाळकं सटकलं. त्यानं दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि स्क्रू फिरवावा तसं तिला फिरवलं. ती फिरली, मुकाट. तिचे पाय फिरले, पदर फिरला, त्याच्या हातांनी एक पूर्ण वेढा घेतला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंबाडा त्याच्या नजरेसमोरून हलला नाही.

त्यानं हात काढून घेतले. ती मशीनवर बसली, उरलेली शिवण पुरी करायला लागली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई अशी थांबून थांबून का बोलतेय? बरं नाही का तिला?"

"लाईन खराब आहे," मिस्त्री म्हणाला. लेकीशी तो याआधी कधी खोटं बोलला नव्हता.

७

शनिवार, रविवार, सोमवार. दुकानाला कुलूप. तीन दिवस तो फडक्याखाली होता. कॅमेरा उलटा धरून चित्र सुलटं होत नाही, त्यासाठी बघणाऱ्यालाच उलटं व्हावं लागतं. म्हणून पन्नाशीतला हा माणूस स्टुलावरून मान खाली लोंबकळत सोडून कागदावर बघायचा. रक्त डोक्यात उतरायचं, डोळ्यांपुढे काजवे यायचे. पण तोंड सुलटं दिसायचं.

कानाशी पांढरे केस झाले होते तिचे. कधी झाले? डाव्या भुवईवर बारकी खूण होती. ती कशाची, त्याला माहीत नव्हतं.

सोमवारी त्यानं कागदाकडे बघत विचारलं, "कशी आहेस?"

कागदावर ओठ हलले. नुसतेच, बिनआवाजाचे. ते मिटले, मग खिडकीपाशी बसलेल्या पाठीतून आवाज आला.

"बरी आहे. पण तुम्ही मला उलटे दिसताय."

खटक्यावरचं त्याचं बोट सुटलं. पाकळ्या मिटल्या. अंधारात तो तसाच बसून राहिला, आणि पलीकडे पायडल चालू झालं.

आता हे तिथल्या तिथं संपवायचं म्हणून त्यानं हातोडा उचलला. कॅमेरा फोडला की संपलं. पण फोडला म्हणजे ते नखाएवढं तोंड कुठे जाणार? हातोडा हवेतच राहिला. म्हातारीचं म्हणणं त्याला कळलं. हात उठत नाही ते दुबळेपणानं नाही.

८

मंगळवारी म्हातारी आली. या वेळी तिच्यामागे तो पायरीवरचा माणूसही आत आला. समोरून. गोरटेला, सावलीत वाढलेल्या रोपासारखा, डोळे मिचकावत.

"उजेड छान आहे हो तुमच्याकडे," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा सगळीकडं बघत सुटला.

मिस्त्री ओरडणार होता. चार दिवस शिव्या साठवून ठेवल्या होत्या. पण त्या माणसाचं तोंड बघून त्या जिभेवरच राहिल्या.

म्हातारीनं खिडकीकडं बघितलं. लगेच मान खाली घातली.

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली.

"नीट का नाही सांगितलंत?"

"ऐकलं असतंत?"

तोफ विझली होती.

"त्यांचं तोंड मला नको होतं म्हणून मी बंद करायला आणला, असं वाटलं तुम्हाला?" म्हातारी म्हणाली. "पहिल्यांदा मी अडकले. मला सोडवायला हे समोर बसले. मग यांना सोडवायला मी. मग पुन्हा हे. समोर दुसरं कुणी बसलं की आतलं बाहेर येतं, एवढंच मला ठाऊक. किती वर्षं गेली त्यात. शेवटी मी बाहेर असताना एक दिवस स्प्रिंग पिळून तोडली. म्हटलं, कुणीतरी थांबायला हवं. त्यानंतर आतून नुसती टिकटिक यायची. तीसुद्धा ऐकवेना, म्हणून तुमच्याकडे आले."

"आणि मी..."

"तुम्ही चांगलं केलंत ते. माझं माणूस मला मिळालं." हे म्हणताना ती मेल्यासारखी दिसत होती. "आम्ही परक्या कुणाला कधी बसवलं नव्हतं. एवढं एक होतं आमच्याकडे. आता तेही नाही."

"हा घेऊन जा तुमचा."

"नको," दोघं एकदमच म्हणाले.

जाताना तो माणूस दारात थांबला, मिस्त्रीच्या बायकोच्या पाठीला म्हणाला, "वहिनी, येतो."

एक श्वास गेला.

"या," ती म्हणाली.

९

दुपारी मधल्या सुट्टीत मास्तर आले, दार उघडं बघून. "तीन दिवस कुलूप? मला वाटलं तुम्ही सुधारलात, गावाला गेलात." ते नेहमीच्या स्टुलावर बसले. कॅमेरा टेबलावर होता, त्याचं तोंड स्टुलाकडं. मिस्त्रीनं मुद्दाम ठेवला नव्हता. किंवा ठेवला असेल.

"झाला वाटतं हा? काढा की आमचा एक. निवृत्तीच्या कार्यक्रमाला लागणार आहे."

कळ ताणलेली होती. बोट खटक्यावर होतं. मास्तरांनी शर्टाची कॉलर सारखी केली, हनुवटी वर केली. मास्तरांना बायको नव्हती, मूल नव्हतं. वाट बघणारं घरी कुणी नव्हतं. हे सगळं त्या एका क्षणात मिस्त्रीच्या डोक्यात येऊन गेलं, ओळीनं, स्वच्छ, जणू तो पाकळ्या मोजत होता.

"उठा," तो म्हणाला.

"अं?"

"उठा म्हणतो ना त्या स्टुलावरून. चालते व्हा. परत माझ्या दुकानात पाय ठेवलात तर तंगडं मोडीन."

मास्तरांचा चेहरा उतरला. चहा न घेताच ते गेले. वीस वर्षांची ओळख होती.

मिस्त्रीनं दाराला आतून कडी घातली. खिडकीतून पांढरं ऊन येत होतं. मशीन चाललं होतं.

"अगं, ऐकतेस का?"

एक श्वास. "काय?"

"आता तू बाहेर येशील तेव्हा..." त्याला शब्द जुळेनात. शिव्या कितीही जुळल्या असत्या. "मला सोडवत बसू नकोस. तो कॅमेरा असाच राहू दे. ऐकणार ना?"

या वेळी श्वास एक नाही, दोन गेले, तीन गेले. ती काहीच बोलली नाही. तीस वर्षांत तिनं त्याचं एकही म्हणणं मुकाट ऐकलेलं त्याला आठवेना.

त्यानं टायमरची बारकी कळ खाली ओढली. खटका दाबला. झर्र वाजायला लागलं, तसा तो धावत जाऊन स्टुलावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. फोटोला बसतात तसा. आपला धंदा, आपलं काम, आपणच निस्तरायचं. काचेच्या मागे त्या पाच पाकळ्या मिटलेल्या होत्या. त्यानंच धुतल्या होत्या त्या, त्यानंच वाळवल्या होत्या. इतकं देखणं काम त्याच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

पाकळ्या उघडल्या.

१०

छत खाली होतं. फरशी वर होती. सगळं दुकान लांबवर, नखाएवढं, आणि भोवती गोल अंधाराची चौकट.

मशीन थांबलं. ती उठली आणि वळली. तोंड. उलटं, पण तोंड. पांढरे केस, भुवईवरची खूण. ती डोळे मिचकावत होती.

"अहो," ती म्हणाली.

स्टुलावर एक माणूस बसला होता, तिच्याकडे पाठ करून. डोक्यामागे टकलाची गोल चकती होती. आपलं टक्कल एवढं वाढलंय हे मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. ती त्याच्या समोर गेली. तो माणूस फिरला. ती दुसऱ्या बाजूनं गेली. तो फिरला. ती खांद्याला हात लावायला गेली आणि मग तिनं हात मागे घेतला.

"अहो, तोंड बघू द्या की. फुकट आहे ना?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

मग ती टेबलापाशी आली. तिचा डोळा मोठा होत होत आभाळाएवढा झाला. काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडला आणि विरला. ती रडली नाही. रडणाऱ्यातली नव्हतीच ती. पदरानं तिनं काच पुसली, गिऱ्हाइकाची वस्तू परत करताना पुसतात तशी. कॅमेरा नीट टेबलाच्या कडेला ठेवला, स्टुलासमोर. स्टुलावरच्या माणसाला दंडाला धरून उठवलं, भिंतीशी नेऊन उभं केलं. तो मुकाट गेला.

तिचं बोट त्या बारक्या कळीवर आलं.

मिस्त्री ओरडला, "नको." छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं घालून ओरडला. दुकानात काही ऐकू आलं नाही.

झर्र वाजायला लागलं. ती धावत जाऊन स्टुलावर बसली. पदर सारखा केला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि काचेकडं, सरळ त्याच्याकडं बघून हसली. त्या तिघांच्या फोटोत हसली होती तशी.

एक श्वास गेला. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या पाठमोऱ्या माणसातून मिस्त्रीचा आवाज आला.

"नको."

"गप्प बसा," ती न वळता म्हणाली. "फोटोत हलाल."